सोडणं आणि सुटणं

आमच्या इस्लामपुरात एखाद्याची दारू बंद झाली की लोक दोन वेगवेगळी क्रियापदं वापरतात. पहिले काही महिने म्हणतात, "त्यानं सोडलीय म्हणे." त्या 'म्हणे'मध्ये सगळं आलं. मग दोन-तीन दिवाळ्या, चार-पाच वराती आणि एखादी नगरपालिकेची निवडणूक पार पडली, आणि गडी तरीही कोरडाच राहिला, की वाक्य बदलतं. "त्याची सुटली." आता 'म्हणे' गायब. सोडताना कर्ता तो होता, सुटताना कर्ता दारू झाली.

(२०२५ साली सरकारनं गावाचं नाव ईश्वरपूर करायचा निर्णय जाहीर केला, पण माझ्या तोंडात अजून इस्लामपूरच येतं. सवय म्हणजे काय याचा हा पहिला पुरावा समजा. :) )

ही व्याकरणाची गंमत सवय लागतानाही दिसते. 'मी खोटं बोललो' यात कर्ता मी आहे. 'मला खोटं बोलायची सवय लागली' यात कर्ता आहे सवय, आणि मी 'मला' होऊन बाजूला बसलोय. नाद लागतो, चटक लागते, व्यसन जडतं. मराठीत माणूस सवय लावून घेतो तेव्हा तो हळूहळू वाक्यातल्या मालकाच्या खुर्चीवरून उठतो आणि सवय तिथे येऊन बसते. कुणी ठरवून हे व्याकरण केलेलं नाही. पण ख्रिस्ती धर्मात पाप आणि स्वातंत्र्य यांच्याबद्दल दोन हजार वर्षं जे सांगितलं जातंय, ते बरंचसं या एका वाक्यात बसतं असं माझं मत झालंय. आजचा विषय तोच. तेच तेच पाप करत राहिलं की माणसाच्या स्वातंत्र्याचं काय होतं?

आधीच सांगतो, मी ख्रिस्ती नाही, आणि कुणाचा धर्म बदलायचंही डोक्यात नाही. पण आमच्या भागात हा विषय तसा परका नाही. डॉ. वानलेस यांनी मिरजेला १८९४ साली सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं एक केंद्र इस्लामपुरातही होतं. शेजारी चर्च असतं, नाताळला तिथल्या मित्राच्या घरी करंज्या खायला आपण जातो, पण ते लोक नेमकं मानतात काय हे विचारायचं राहूनच जातं. मी ते थोडं वाचलं, आणि मला ते आपल्या आजच्या जगण्याबद्दल फार नेमकं वाटलं.

'पाप' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चित्रगुप्ताची वही येते. डावीकडे पाप, उजवीकडे पुण्य, शेवटी बेरीज-वजाबाकी. ख्रिस्ती शिकवणीतही न्यायाचा दिवस वगैरे आहेच. पण तिथे एक दुसरंही खातं आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पाप केल्याची शिक्षा पुढे कधीतरी काय मिळेल हा एक प्रश्न. पाप करता करता करणारा माणूस आजच काय बनत चाललाय, हा दुसरा.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशू समोरच्या लोकांना सांगतो की सत्य तुम्हाला मोकळं करील. लोकांना राग येतो. आम्ही अब्राहामाची लेकरं, आम्ही कधी कुणाचे गुलाम नव्हतो, मोकळं कसलं करतोस? (गंमत म्हणजे हे बोलणं चाललंय तेव्हा डोक्यावर रोमन सत्ता बसलेली आहे.) त्यावर येशू रोमनांचं नाव घेत नाही. तो म्हणतो की पाप करत राहणारा पापाचा गुलाम असतो. म्हणजे बेडी हातात नाही, आत आहे, आणि बेडी घातलेल्यालाच वाटतंय की आपण मोकळे.

हे संभाषण मला ओळखीचं वाटतं. टपरीवर रोज ऐकू येतं. "मला कोण अडवतंय? मनात आणलं तर उद्या सोडीन."

त्या 'मनात आणलं तर'वर सगळ्यात खोल विचार ज्यानं केला तो माणूस म्हणजे संत ऑगस्टीन. जन्म ३५४ सालचा, उत्तर आफ्रिकेतला, आजच्या अल्जीरियात. हुशार, भाषणकलेचा शिक्षक, करिअर जोरात. इसवी सन ४०० च्या सुमारास त्यानं आपलं आत्मकथन लिहिलं, इंग्रजीत ते 'कन्फेशन्स' नावानं प्रसिद्ध आहे. त्याच्या आठव्या भागात तो एका साखळीचं वर्णन करतो. इच्छा वाकडी झाली की तिची वासना होते. वासनेची चाकरी केली की तिची सवय होते. सवयीला विरोध केला नाही की ती गरज होऊन बसते. कड्यात कडी. आणि तो स्पष्ट म्हणतो की मला बांधणारं लोखंड दुसऱ्या कुणाचं नव्हतं, माझ्याच इच्छेचं होतं.

त्याचं दुसरं निरीक्षण मला आणखी भन्नाट वाटतं. मन हाताला म्हणतं, उचल. हात लगेच उचलला जातो. हुकूम आणि अंमलबजावणी यांच्यात फटसुद्धा दिसत नाही. तेच मन स्वतःला हुकूम देतं की अमुक इच्छा करू नकोस, आणि मन ऐकत नाही! हात तर परका, तो ऐकतो. मन स्वतःचं, तेच ऐकत नाही. का? ऑगस्टीनचं उत्तर असं की हुकूम देणारं मन पूर्ण नाहीच. अर्धं मन सोडायचं म्हणतंय, अर्धं धरून बसलंय. संयम दे अशी प्रार्थना तो तरुणपणी करायचा, पण एवढ्यात नको अशी पुस्तीही जोडायचा. आपल्याकडे याला 'एक तारखेपासून' म्हणतात.

म्हणजे 'मनात आणलं तर सोडीन' या वाक्यातली चूक कुठे आहे ते बघा. मन आणायचं कुठून? ते तर आधीच गहाण पडलेलं.

साखळीची पहिली कडी किती बारीक असते याचे दोन किस्से त्याच पुस्तकात आहेत. एक खुद्द त्याच्या आईचा, मोनिकाचा. लहानपणी तिला पिंपातून द्राक्षारस काढून आणायला पाठवत. ती जाता जाता एक थेंब चाखायची. चव आवडली म्हणूनही नव्हे, नुसता पोरकटपणा. रोज एक थेंब करत करत एक दिवस पोरगी पेलाच रिचवायला लागली. एका दासीनं भांडणात तिला दारुडी म्हणून टोमणा मारला. तो एवढा झोंबला की तिनं तिथेच बंद केलं.

दुसरा किस्सा त्याच्या मित्राचा, अलिपियसचा. त्याला रोममधले माणसं मारण्याचे खेळ अजिबात आवडत नसत. मित्रांनी एकदा ओढून नेलं. तो म्हणाला, शरीर नेताय, डोळे मी मिटून घेणार. घेतलेही. पण गर्दीचा प्रचंड आरडाओरडा झाला आणि कुतूहलानं त्यानं डोळे उघडले. संपलं. नंतर तोच इतरांना घेऊन जायला लागला. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा किस्सा वाचताना मला रात्री साडेबाराला 'शेवटचं एक रील' बघणारी माणसं आठवतात. डोळे मिटायचा निश्चय पक्का होता. कान मात्र उघडे राहिले.

ऊस लावलेल्या रानात हे समजायला सोपं आहे. एकदा सरी पाडली की पाणी सरीतूनच जातं. पाण्याला कुणी सक्ती केलेली नसते, ते आपल्या उताराने जातंय. पण उतार आपण पाडलेला असतो, आणि दर पाळीला पाणी तीच सरी थोडी आणखी खोल करतं.

आता इथे एक आक्षेप येतो, आणि तो चुकीचा नाही. 'स्वातंत्र्य म्हणजे मला हवं ते करता येणं. मला तंबाखू हवी आहे, मी खातोय, म्हणजे मी स्वतंत्र. त्यात धर्माचं काय काम?' आपल्या पिढीची स्वातंत्र्याची व्याख्या साधारण हीच आहे. पर्याय जितके जास्त, तितकं स्वातंत्र्य जास्त.

पण हार्मोनियमसमोर दोन माणसं बसवा. एक मी, दुसरा वीस वर्षं रियाज केलेला. पर्याय दोघांना सारखेच, पट्ट्या तेवढ्याच. मी कुठलीही पट्टी दाबू शकतो, कुणी अडवत नाही. पण यमन वाजवायचं 'स्वातंत्र्य' मला नाही, त्याला आहे. त्यानं वीस वर्षं स्वतःवर बंधनं घातली, त्यातून त्याला हे मोकळेपण मिळालं. विहिरीत सूर मारणारी पोरं बघा. ज्याला पोहता येत नाही त्यालाही उडी मारायला कुणी बंदी केलेली नाही, पण त्याची उडी स्वातंत्र्य नव्हे.

ख्रिस्ती परंपरा स्वातंत्र्य या दुसऱ्या अर्थानं घेते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं सवयीवर, म्हणजे चांगल्या आणि वाईट दोन्ही सवयींवर, मोठा ऊहापोह केला. त्याच्या मते चांगली सवय म्हणजे सद्गुण, आणि सद्गुण असला की योग्य गोष्ट करणं सोपं होतं, आनंदाचं होतं. कॅथलिक चर्चनं १९९२ साली आपल्या शिकवणीचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातही हाच सूर आहे. माणूस चांगलं जितकं करतो तितका तो अधिक मोकळा होतो, आणि पाप पुन्हा पुन्हा केलं की पापाकडे ओढा तयार होतो, बुद्धीवर धूळ बसते, बरं-वाईट ओळखायची नजरच बिघडते. मला यातला नजरेचा मुद्दा सगळ्यात भीतीदायक वाटतो. सवयीच्या खोटारड्याला आपण खोटं बोलतोय हे लक्षातच येत नाही. लाच पहिल्यांदा घेताना हात थरथरतो. पन्नासाव्या वेळी ती 'रीत' झालेली असते आणि न देणाराच विचित्र वाटायला लागतो. इथे स्वातंत्र्य गेलं एवढंच नाही, गेलंय हे कळायची सोयही गेली.

हा सगळा विषय माझ्यासाठी पुस्तकी राहिला नाही तो एका मित्रामुळे. नाव अर्थातच लिहीत नाही. २०२४ च्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा तो भेटला आणि म्हणाला, पतसंस्थेचं कर्ज काढतोय, जामीनदार म्हणून सही पाहिजे. कशासाठी? आधी म्हणाला ठिबकसाठी. मग अर्ध्या तासानं खरं बाहेर आलं. मोबाईलवरची रमी. उसाचं बिल गेलं, वहिनींचं सोनं गेलं, तिघाचौघांकडचे हातउसने झाले. "लेका, एवढी एकदा सही कर. ह्या महिन्यापास्नं बंद म्हंजे बंद." आणि मग ते वाक्य आलंच. "मी काय येसनी हाय का? मनात आणलं तर आत्ता डिलीट मारीन."

मराठी ख्रिस्ती लोक मुक्तीला 'तारण' म्हणतात आणि येशूला 'तारणारा'. पतसंस्थेच्या बोर्डावरही 'सोनेतारण' असतं. एकाच शब्दात सुटकाही आणि गहाणही. त्या दिवशी मला तो शब्द पहिल्यांदा नीट कळला. माझ्या सहीनं मित्राचं तारण होणार होतं, पण फक्त पतसंस्थेच्या अर्थानं.

मी सही केली नाही. त्याला राग आला, काकू दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. माझं म्हणणं एवढंच होतं की सही मागणारा माझा मित्र नव्हता. मागत होती ती सवय, मित्राचं तोंड वापरून. पैसे द्यायला नकार देणं म्हणजे मित्राला नकार देणं नव्हे, हे त्याला त्या दिवशी पटवता आलं नाही. पण त्याच्याबरोबर बसून कुणाचे किती देणं आहे याची यादी केली, आणि ती त्यानं स्वतः आप्पांना वाचून दाखवली. पाच पानं भरली. आजवर प्रत्येकाला त्यानं एकच पान दाखवलं होतं. ख्रिस्ती चर्चमध्ये कबुलीजबाब देण्याची प्रथा का आली असावी, हे त्या यादीच्या दिवशी मला समजलं. सवयीला अंधार लागतो. मोठ्यानं वाचलं की तिची निम्मी ताकद जाते.

आता दुसरा आक्षेप, आणि हा पहिल्यापेक्षा अवघड आहे. सवयीनं स्वातंत्र्य जातं म्हणता, मग जबाबदारी तरी कशी उरते? गुलामाला दोष कसा देणार? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन कृष्णाला हाच प्रश्न विचारतो, की इच्छा नसतानाही जणू कुणी जबरदस्तीनं ढकलावं तसा माणूस पाप का करतो? आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल स्वतःबद्दल जवळपास तेच रडगाणं गातो. जे चांगलं करायचं म्हणतो ते होत नाही, जे नको म्हणतो तेच हातून होतं. अर्जुनाला उत्तर मिळतं काम आणि क्रोध. पौल म्हणतो, माझ्यात राहणारं पाप. दोघांनाही आतला शत्रू दिसलाय.

जबाबदारीच्या प्रश्नावर चर्चचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त समजूतदार निघालं. त्याच १९९२ च्या ग्रंथात स्पष्ट म्हटलंय की अज्ञान, भीती, जबरदस्ती, सवय, मानसिक कारणं यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधीकधी पूर्ण नाहीशी होऊ शकते. म्हणजे व्यसनात बुडालेल्याला 'तू पापी, तुझा दोष' म्हणून दगड मारणाऱ्याला त्या शिकवणीचा आधार मिळत नाही. माझं मत असं की जबाबदारी नाहीशी होत नाही, जागा बदलते. पत्ते हातात आल्यावर उठून जायचं बळ मित्रात उरलं नव्हतं, ते मान्य. पण दुपारी शुद्धीवर असताना 'माझा फोन तुझ्याकडे ठेव' म्हणायचं बळ होतं. जबाबदारी त्या दुपारची.

'मग हा आजार म्हणा की, पाप कशाला म्हणता?' असंही कुणी म्हणेल. व्यसन हा आजार आहे हे डॉक्टर सांगतात आणि ते मला पूर्ण मान्य आहे. त्याला औषधोपचार लागतात, नुसती प्रवचनं पुरत नाहीत. पण या दोन भाषा एकमेकींच्या वैरी नाहीत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालं, आणि त्याची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत होती. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही ही कबुली. पुढे स्वतःच्या चुकांची यादी, दुसऱ्या माणसापुढे ती सांगणं, ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई. ऑगस्टीनची साखळी उलटी सोडवत न्यावी तसं. आज हे गट महाराष्ट्रातही चालतात आणि तिथे सगळ्या धर्मांचे, देव न मानणारेही लोक बसतात. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राचं नावही बघा, मुक्तांगण. औषध आहेच, पण नावात मुक्ती आहे.

कायद्यानं हे सुटेल का? महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली झाली. ती किती पाळली जाते हे कुठल्याही एसटी स्टँडची भिंत सांगेल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. मला तो कायदा योग्य वाटला, विहिरीला कठडा असलाच पाहिजे. पण मित्र म्हणाला ते ऐका. "ॲप बंद झालं, पर अंगठा वळवळायचं बंद झालं न्हाई." कायदा बाहेरची सरी बुजवतो. आतली आपल्यालाच बुजवावी लागते.

इथे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनीही थोडं थांबावं. सवयी आता आपोआप लागत नाहीत, लावल्या जातात. न संपणारं स्क्रोल, लाल टिकली असलेलं नोटिफिकेशन, सलग किती दिवस ॲप उघडलं त्याची मोजणी, 'परत या, बोनस वाट बघतोय'. हे सगळं आमच्यासारख्याच कुणीतरी एसीत बसून, कॉफी पीत, मोजून-मापून केलेलं असतं. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूचं एक अतिशय कडक बोलणं आहे. लहानग्यांना जो अडखळवतो त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून समुद्रात बुडवलेलं परवडलं, असा त्याचा आशय. पडणाऱ्याबद्दल तो इतका कडक नाही, पाडणाऱ्याबद्दल आहे. हे मला फार न्याय्य वाटतं. समाज मात्र बरोबर उलटं करतो. रमीत बुडालेल्याला गाव हसतं, आणि रमीचं ॲप काढणाऱ्याचा उद्योजक म्हणून सत्कार होतो.

असो. मूळ मुद्दा. सुटायचं कसं?

इथे ख्रिस्ती लोकांमध्येच मोठं भांडण झालेलं आहे. १५२४ साली इरॅस्मसनं लिहिलं की माणसाच्या इच्छेला काही ना काही स्वातंत्र्य उरलेलं असतं. १५२५ साली ल्यूथरनं उत्तर दिलं की तारणाच्या बाबतीत इच्छा बांधलेलीच आहे, सोडवणारा देवच. पण एका गोष्टीवर सगळे एकमत आहेत. निव्वळ स्वतःच्या जोरावर माणूस सुटत नाही. त्याला कृपा लागते. बांधलेल्यानंच गाठ सोडायची म्हटलं तर हात कुठून आणायचे?

मला यात इरॅस्मसची बाजू थोडी जास्त पटते, तीही आमच्या रानातल्या अनुभवानं. रात्रीची लाईट असली की शेतकरी दारं धरायला जातो. पाणी त्यानं बनवलेलं नसतं, लाईट कधी येणार ते त्याच्या हातात नसतं. पण पाणी येईल तेव्हा हातात खोरं घेऊन तो बांधावर उभा असला पाहिजे. घरी झोपलेल्याच्या उसाला पाणी मिळत नाही. सोडणं म्हणजे हे बांधावर जाणं. सुटणं म्हणजे पाणी येणं. पहिलं आपलं, दुसरं पूर्णपणे आपलं नाही. कुणी त्याला देवाची कृपा म्हणेल, कुणी गटातल्या माणसांचा आधार, कुणी बायकोची चिकाटी. पण ते बाहेरून येतं, एवढं मी पाहिलंय.

आणि सुटलं म्हणजे सगळं एका दिवसात धुऊन निघतं असंही नाही. ऑगस्टीन ३८६ साली बदलला, पण नंतर लिहिताना कबूल करतो की जुनी चित्रं अजून झोपेत येतात. आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या कुणालाही त्यांचा तापट, लहरी स्वभाव माहीत आहे, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं तो लगेच वाहून गेला असं ते पुस्तक वाचताना वाटत नाही. मला हा भाग दिलासा देणारा वाटतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही ही म्हण अर्धी खरी आहे. खोड राहते, पण तिचं राज्य जाऊ शकतं.

एक गोष्ट मात्र मी ख्रिस्ती उपदेशकांना (आणि आपल्या कीर्तनकारांनाही) विचारीन. आतल्या स्वातंत्र्याचं बोलताना बाहेरच्या बेड्यांचं काय? उपाशी माणसाला, मारहाण सोसणाऱ्या बाईला 'आधी मनानं मुक्त हो' म्हणणं हा आणखी एक जुलूम आहे. याचं उत्तर मला पंडिता रमाबाईंमध्ये मिळतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या गुरुजनांशी वाद घातला. इकडच्या पुरोहितांचं जोखड एवढ्या कष्टानं फेकलं ते तिकडच्या पुरोहितांचं मानेवर घ्यायला नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे दुष्काळातल्या मुली आणि विधवा यांच्यासाठी त्यांनी केडगावला जे उभं केलं त्याचं नावच ठेवलं 'मुक्ती'. तिथे प्रार्थना होती, पापाचा पश्चात्ताप होता, १९०५ साली तिथलं धार्मिक पुनरुज्जीवन गाजलंही. पण तिथे जेवण होतं, शाळा होती, छापखाना होता, बायकांच्या हातात स्वतःच्या पायावर उभं राहायचं काम होतं. आतली मुक्ती आणि बाहेरची मुक्ती रमाबाईंनी एकाच कुंपणात ठेवल्या. ज्या शिकवणीत या दोन्ही नाहीत ती मला अर्धवट वाटते, मग ती कुठल्याही धर्माची असो.

शेवटी एका शब्दाबद्दल. मराठी बायबलमध्ये गुलामासाठी बऱ्याचदा 'दास' हा शब्द येतो, पापाचा दास. आपल्या कानाला दास शब्द वाईट लागत नाही. रामदास, तुळशीदास, दासांची मोठी परंपरा आहे आपली. आणि पौलही त्याच पत्रात, सहाव्या अध्यायात, म्हणतो की तुम्ही कुणाचे तरी दास असणारच, पापाचे किंवा नीतिमत्त्वाचे. पूर्वी मला हे पटत नसे. मला वाटे कुणाचंच दास नको. आता वाटतं की कुणाचाच नाही म्हणणारा बहुधा आपल्या सवयींचा असतो. रियाज करणारा सुरांचा दास असतो, आई लेकराची असते, आणि त्यांना आपण गुलाम म्हणत नाही. धनी आपल्याला वाढवतोय की खातोय, एवढाच फरक बघायचा.

मित्र आता खेळत नाही. कर्ज फेडतोय, दर रविवारी एका गटात जाऊन बसतो. गावात अजून "सोडलीय म्हणे" असंच चाललंय. तो स्वतःही 'सोडलीय' एवढंच म्हणतो, 'सुटली' म्हणत नाही. 'मनात आणलं तर' हे शब्द मात्र गेल्या सहा महिन्यांत त्याच्या तोंडून ऐकले नाहीत.